मेंढ्याच्या शिंगांचं बटण

एसेनगुलनं उभं आयुष्य अक्षरं रंगवण्यात घालवलं, आणि त्यातलं एकही वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं.

किर्गिझ मुलखातल्या नारीनच्या सांस्कृतिक भवनात तो सजावटीच्या कामावर होता. तळघरात लाल कापडाचे तागे असत. कापड जमिनीवर अंथरायचं, गुडघे टेकायचे आणि वरून कागदावर आलेली घोषणा पांढऱ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत उतरवायची. घोषणा काय सांगते याकडे त्याचं कधी लक्ष गेलं नाही. त्याला अक्षरांच्या पोटातली रिकामी जागा दिसायची, दोन शब्दांमधला श्वास दिसायचा. किनार मात्र त्याची स्वतःची असे. कोचकोर गावी त्याची आई लोकरीच्या नमद्याचे गालिचे, शिर्दाक, शिवायची. पांढऱ्या नमद्यातून कापलेली शिंगाची नक्षी काळ्यात बसवायची, काळ्यातून निघालेली पांढऱ्यात. काही वाया जाऊ द्यायचं नाही. मेंढ्याची ती वळलेली शिंगं त्यानं वर्षानुवर्षं घोषणांच्या कडेनं काढली. कुणी हरकत घेतली नाही. कुणी बघितलीही नसावीत.

मग देश मोडला. लाल कापडाची गरज एका हिवाळ्यात संपली. उरलेले तागे त्यानं घरी आणले आणि बायकोनं, उमसुनायनं, दुलयांना त्यांची अस्तरं लावली. ती म्हणायची, "आता कुठं तुमच्या घोषणांची ऊब लागायला लागली."

पुढं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाव. टायर. केस कापून मिळतील. एकुलती एक मुलगी ऐझिरेक बिश्केकला शिकायला गेली, तेव्हा तिच्यामागोमाग ही दोघंही गेली. तिथं एका खाजगी रेडिओ केंद्राला जाहिरातींची चित्रं काढणारा माणूस हवा होता. चित्रं संगणकावर काढायची होती. पन्नाशी उलटल्यावर एसेनगुल माऊस धरायला शिकला. ब्रशाला वजन असतं, याला नव्हतं. सुरुवातीला त्याचा हात बर्फावर चालणाऱ्या घोड्यासारखा घसरायचा. पण तो शिकला. बोलण्यापेक्षा कुठलीही गोष्ट शिकणं त्याला सोपं जायचं.

आता तो सातव्या मायक्रोरायोनच्या वसाहतीत दोन खोल्यांत एकटा राहायचा. उमसुनाय जाऊन तीन वर्षं झाली होती. ऐझिरेक रशियात, येकातेरिनबर्गला ट्रॉलीबसमध्ये कंडक्टर होती, आणि तीही तीन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी तो एका माणसापुरता चहा करायचा आणि किटलीतलं उरलेलं पाणी उगाच पुन्हा उकळायचा. घरात काहीतरी आवाज करणारं असावं म्हणून.

केंद्राचा सगळ्यात जुना कार्यक्रम शुभेच्छांचा. कुणाचं लग्न, कुणाला नातू झाला, कुणाची सत्तरी. लोक चार ओळी लिहून पाठवायचे, निवेदिका कानिशाय त्या वाचायची आणि मग गाणं लागायचं. पूर्वी पत्रं यायची. आता निम्मा मुलूख रशियात राबत होता, त्यामुळे वेबपानावर एक फॉर्म ठेवला होता. कुणाकडून, कुणाला, काय सांगायचंय, कोणतं गाणं. खाली एक राखाडी बटण. पान रिनात सांभाळायचा. रिनात तातार, तिशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला.

"एसेके, फॉर्म भरला, बटण दाबलं, गेला," तो म्हणाला होता. "त्याला काय नटवायचं?"

"दार आहे ते," एसेनगुल म्हणाला. "जाताना माणूस शेवटचा हात त्यालाच लावतो."

"मग काढा दार. चित्र द्या, मी त्याचंच बटण करतो. चित्रावर कुठंही दाबा, फॉर्म निघाला."

एसेनगुल कितीतरी दिवस त्या एवढ्याशा चित्रावर बसला. लाल नमदा, त्यात पांढरी दोन शिंगं, एकमेकांकडं पाठ करून बाहेर वळलेली. टाकासुद्धा दिसत होता. कानिशाय डोकावून गेली.

"छान झालंय हो. पण यावर काही लिहिणार नाही? पाठवा, असं?"

"शिंगांवर कुणी लिहितं का?"

"लोकांना कळेल?"

"किर्गिझ माणसाला मेंढ्याची शिंगं कळणार नाहीत?"

"कळतील की. मटण कुठं मिळतं ते कळेल."

रिनात एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. पण चित्र लागलं. लागल्यावर एसेनगुलला एक गोष्ट खटकली. लाइन मंद होती. चित्र उमटायला वेळ लागायचा, आणि तोवर त्या जागी एका चौकटीत एक इंग्रजी शब्द उभा असायचा. पाहुण्यांच्या आधी येऊन बसलेल्या वसुलीवाल्यासारखा.

"हे काय?"

"चित्र येईपर्यंत ब्राउझर तिथं शब्द दाखवतो. आपण दिला नाही तर तो पदरचा टाकतो. चित्राच्या मागं आपला एखादा शब्द ठेवू?"

"नको. रिकामं ठेव."

"अगदी रिकामं?"

"शिर्दाकच्या पाठीवर कुणी लिहून ठेवतं का, की हे शिर्दाक आहे?"

रिनातनं खांदे उडवले आणि मागची जागा रिकामी केली. तो शब्द गेला. आता शिंगं उमटायची तीच एकदम, पांढऱ्यातून.

"आणि ही बघा गंमत," रिनात म्हणाला. "चित्राच्या बटणाची एक खोड असते. प्रत्येक फॉर्मबरोबर ते दोन आकडे पाठवतं. डावीकडून किती, वरून किती. म्हणजे बोट नेमकं कुठं पडलं ते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणालाच नको असतात. मी टाकून देतो."

"टाकू नकोस," एसेनगुल म्हणाला. "मला दे."

त्या दिवसापासून सकाळी कामाला बसण्याआधी तो ते आकडे बघू लागला. काय लिहिलंय ते तो वाचत नसे, ते कानिशायचं काम. तो फक्त बोटं बघायचा. बहुतेकजण मधोमध दाबायचे, दोन शिंगांच्या बेचक्यात. काहीजण घाईत, कडेला, जेमतेम आत. कुणी एक डाव्या शिंगाच्या अगदी टोकावर दाबायचा, जिथं वळण संपतं. नारीनमध्ये त्याच्या कापडांखालून माणसं वर न बघता निघून जायची. इथं रोज कितीतरी लोक त्याच्या चित्राला हात लावत होते. त्यांची तोंडं त्याला ठाऊक नव्हती, आणि तेच बरं होतं. अनोळखी माणसांचे नुसते स्पर्श. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

उमसुनायचं असं झालं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात तिला डोंगरातली हवा हवी होती, म्हणून तो तिला कोचकोरला आपल्या बहिणीकडं, बुरुलचाकडं घेऊन गेला. एका सकाळी चहाच्या वेळेला ती गेली. त्यानं ऐझिरेकला फोन लावला. मरणाची बातमी लांबच्या माणसाला अशी तारेवरून द्यायची नसते. तो घरी येतो, वडीलधारी त्याला मध्ये बसवतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि मग हात धरून सांगतात. एकट्या माणसावर ती बातमी कोसळू द्यायची नाही. त्याच्या बापाचं मरण त्याला असंच सांगितलं होतं, आजोबाचं बापाला. तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई जरा आजारी आहे. जमलं तर येऊन जा."

ऐझिरेकची नोकरी नवी होती. जमायला तिला आठवडा लागला. ती आली तेव्हा तिच्या हातात औषधांची पिशवी होती. फाटकातून तिचं पाऊल आत पडताच अंगणातल्या बायकांनी रीतीप्रमाणे रडगाणं उचललं, आणि ती पिशवी धरून तिथंच उभी राहिली. वडीलधारी पुढं झाली. तिनं कुणाला हात धरू दिला नाही.

"आके," ती बापाला म्हणाली, "फोनवर एक वाक्य बोलला असतात, तर मी त्याच दिवशी निघाले असते. माती तरी दिली असती."

"असलं वाक्य फोनवर बोलतात का?" एसेनगुल म्हणाला.

नंतर त्यानं पुष्कळदा आठवून बघितलं. तेव्हा दुसरं काय म्हणता आलं असतं, ते त्याला सापडलं नाही. ऐझिरेक परत गेली. पहिले काही महिने त्यानं वाट पाहिली की राग ओसरेल. नंतर वाट पाहणं हे नुसतं घरातल्या सामानासारखं झालं, जागा अडवून बसलेलं, रोज न दिसणारं.

त्या वसंतात त्याला एकसष्टावं लागलं. बारा वर्षांचा फेरा पुरा होतो ते वर्ष जड असतं. जवळच्या माणसांनी तोंडानं शुभ बोलावं, काहीतरी द्यावं, आणि आपण आपल्या अंगावरचं एक वस्त्र देऊन टाकावं, म्हणजे ते सुखरूप ओलांडता येतं. आठवडाभर आधी बुरुलचाचा फोन आला. ती थोरली, आणि तिचा आवाज दोन डोंगरांपलीकडं ऐकू जाईल असा.

"एसेन! तुझ्या पोरीशी बोलले मी. म्हटलं, बापाचा फेरा आहे, एवढ्या दिवशी तरी चार शब्द बोल."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फोन नाही करणार. रेडिओवर पाठवते. तिकडून फोनवरूनच निरोप धाडतात म्हणे सगळे तुमच्या त्या कार्यक्रमाला, डेपोत बसून. ऐकतोस ना? पाठवणार आहे ती."

"ऐकतोय."

"मग काहीतरी बोल की! एवढी बातमी दिली, तर म्हणतो ऐकतोय. धोंड्याशी बोलावं त्यापेक्षा."

"बरं झालं, एजे," तो म्हणाला. फोन ठेवून त्यानं किटली पुन्हा चढवली.

फेऱ्याच्या दिवशी त्यानं दाढी केली, नवा सदरा घातला. केंद्रात कानिशायनं घरून तळून आणलेले कणकेचे बोर्सोक टेबलावर ओतले. रिनात म्हणाला, "एसेके, वस्त्र द्यायचं असतं ना? ते तपकिरी जाकीट माझ्या नावावर करा."

"तुझ्या पोटाला लागेल का ते?"

"नाही लागलं तर उघडं घालीन. तुमचा फेरा टळल्याशी कारण."

जाकीट त्यानं दिलं. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला तसा तो ध्वनिकक्षाच्या काचेबाहेर खुर्ची ओढून बसला. एरवी तो या वेळी घरी निघालेला असे. काचेपलीकडं कानिशाय एकेक कागद उचलत होती. तलासहून कुणी आजीला. ओशहून कुणी मास्तरांना. टोकमोकचा एक ड्रायव्हर बायकोला, जुळी झाली म्हणून. प्रत्येक कागद उचलताना एसेनगुल तिच्या ओठांकडं बघायचा. नाव उच्चारण्याआधी ओठ कसे होतात त्यावरून ते त्याचं आहे का हे कळेल, असं त्याला वाटत होतं. शेवटचं गाणं लागलं. कानिशायनं कानांवरचे हेडफोन काढले आणि त्याच्याकडं बघून हात हलवला, घरी जा असा.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, काल एखादं राहून गेलं का. कानिशाय म्हणाली, एकही नाही. 

नंतर एक दिवस कार्यक्रमात थेट फोन आला. रशियातल्या सुरगुतहून, इमारतीच्या कामावरचा माणूस होता. "एजे, तुमच्या त्या पानावर लिहायला जागा आहे, पाठवायला जागाच नाही."

"असं कसं? बाकीचे पाठवतात की."

"पाठवत असतील. आमच्या खोलीत कुणालाच जमलं नाही. लिहायचं आणि बघत बसायचं."

कार्यक्रम संपल्यावर कानिशाय तरातरा रिनातकडं आली. रिनातनं खिशातून फोन काढला, पान उघडलं, मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! चित्रं बंद ठेवून बघत असणार ते. तिकडं फोनवर इंटरनेट वापरणारा प्रत्येकजण चित्रं बंद ठेवतो. चित्रं पैसे खातात."

त्यानं चित्रं बंद केली आणि फोन एसेनगुलपुढं धरला. कुणाकडून. कुणाला. काय सांगायचंय. कोणतं गाणं. त्याखाली काही नव्हतं. पांढरं होतं. मागं शब्द असता तर तिथं तो तरी दिसला असता.

एसेनगुल त्या पांढऱ्याकडं बघत राहिला, आणि त्याला आधी वाटलं ते दुःख नव्हतं. त्याला हलकं वाटलं. तिनं लिहिलं असणार. लिहिलं असणार आणि पाठवायला जागा मिळाली नसणार. तिच्या गप्प बसण्याला आता एक कारण होतं, बोटाएवढं, पांढरं.

"मिनिटाचं काम आहे," रिनात म्हणाला. "शब्द सांगा, टाकतो."

"थांब जरा."

"का?"

"थांब म्हणतो ना."

कानिशाय आणि रिनात एकमेकांकडं बघायला लागले. एसेनगुल बाहेर पडला. चौकात मक्सिमची, आंबवलेल्या धान्याच्या पेयाची, पिपं घेऊन बायका बसल्या होत्या. त्यानं एक पेला घेतला आणि तो हातात धरून उभा राहिला. शब्द टाकला की कारण संपलं. मग जे येणार नाही, ते तिच्याकडूनच आलेलं नसेल. जागा रिकामी आहे तोवर मुलगी त्याच्यावर रागावलेली नव्हती. नुसती अडलेली होती. हे असं राहिलं तर कुणाचं काय जातं? पण मग त्याला सुरगुतची ती खोली दिसली. कामावरून आलेली माणसं, हातात एवढासा उजेड, आणि त्यांनी कुणाकुणाला लिहिलेलं, जे कुठंच गेलं नाही.

पेला परत देताना बाई म्हणाली, "बैके, निम्मा तसाच ठेवलात. आंबट लागलं का?"

"नाही. चांगलं आहे," तो म्हणाला आणि परत वर गेला.

"काय लिहू?" रिनातनं विचारलं.

एसेनगुलला लगेच सांगता येईना. आयुष्यभर अक्षरं काढलेल्या माणसाला एक शब्द सुचायला एवढा वेळ लागावा, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. शेवटी तो म्हणाला, "पाठवा."

"मी तेच म्हणत होते," कानिशाय म्हणाली, पण हळू.

त्याच रात्रीपासून शुभेच्छांची रीघ लागली. सकाळी एसेनगुलनं आकडे उघडले तर ओळीच्या ओळी शून्यांनी भरल्या होत्या. शून्य, शून्य. शून्य, शून्य. ज्यांना चित्र दिसत नव्हतं त्यांनी नुसता शब्द दाबला होता; त्यांचं बोट चित्रावर कुठंच पडलं नव्हतं. आदल्या वर्षभर तो ज्या स्पर्शांशी बसायचा, ते मूठभरांचे होते. ही माणसं तेव्हाही तिथंच होती, दाराशी, थंडीत. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा फॉर्ममधलं लिखाण वाचायला घेतलं. भावाला, सुनेला, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला. बाप झालेल्यांना, सैन्यातून सुटलेल्यांना. येकातेरिनबर्गहून एक होतं, पण ते कुणा स्वयंपाक्याचं, आपल्या दोन पोरांना.

तो दिवस गेला. पुढचा गेला. शनिवारी सकाळी बुरुलचाचा फोन आला.

"पोरीशी बोलले," ती म्हणाली. आज तिचा आवाज मोठा नव्हता. "तिनं लिहिलं होतं, एसेन. डेपोत, सुट्टीच्या वेळी बसून. लिहिलं, आणि पाठवायची जागा शोधली. वर गेली, खाली गेली. नाहीच."

एसेनगुलनं डोळे मिटले. "नव्हतीच तिथं. चूक झाली होती."

"आधी ऐक. ती म्हणाली, आत्या, ते पान आकेच करतात ना? मग मी काय ते समजले."

"काय समजली?"

"काय समजणार? बापानं दार लावून घेतलं असं समजली. आणि पुन्हा नाही लिहिणार म्हणाली. एकदा लिहिलं ते पुरे."

"मग तू तिला सांगितलंस ना, की..."

"मी का सांगू?" आता आवाज चढला. "तीन वर्षं तुम्हा दोघांचं टपाल मी वाहतेय. तिकडचं इकडं, इकडचं तिकडं. माझे गुडघे गेले, दात गेले, आता जीभही झिजवू का तुमच्यासाठी? तुझ्या तोंडाला काय झालंय? नंबर घे. लिही."

त्यानं नंबर लिहून घेतला. बुरुलचानं फोन आपटला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पॉप्लरच्या झाडांचा पांढरा कापूस आत येत होता आणि ओट्याखाली गोळा होत होता. एसेनगुलनं किटली चढवली, उतरवली. मग उभ्यानंच नंबर फिरवला.

"अल्लो!" मागं मोटारीची घरघर, दारांचा फुस्स आवाज. "कोण बोलतंय?"

"ऐझिरेक. मी आहे."

 मग ती रशियनमध्ये कुणाला तरी म्हणाली, "पास दाखवा, आजोबा. नाही, तो मागच्या महिन्याचा आहे." आणि मग, "आके, मी गाडीवर आहे."

"माहीत आहे. ते बटण..."

"आत्यानं सांगितलं वाटतं."

"बटण होतं तिथं. चित्रं बंद केली की दिसायचं नाही. मागं शब्द ठेवायचा असतो. तो मी ठेवू दिला नाही. मला तो आवडला नव्हता."

"बरं."

"मुद्दाम नव्हतं, पोरी."

"बरं म्हटलं ना. बटणाबद्दल बोलायला फोन केलात?"

हो म्हणता आलं असतं. हो म्हणून, जपून राहा, म्हणून फोन ठेवता आला असता. आणि ते नीट पारही पडलं असतं. एसेनगुलनं ओट्याची कड धरली.

"तुझी आई वारली, ऐझिरेक," तो म्हणाला.

पलीकडं ब्रेक कुरकुरले.

"सकाळी, चहाच्या वेळेला. मी शेजारी होतो. तिनं दूध जास्त घाल म्हणून सांगितलं, आणि मी घालून वळलो तर ती गेली होती. मग मी तुला फोन केला. मी बोलत होतो तेव्हा ती आतल्या खोलीत होती, बायका तिला धुवायला पाणी तापवत होत्या. आणि मी तुला म्हणालो, जरा आजारी आहे. तेव्हा सांगायला हवं होतं. ते आता सांगतोय."

दारं उघडली असावीत. बाहेरचा गलका आत आला आणि पुन्हा दबला. तो थांबला. तिचा श्वास ऐकू येतोय असं त्याला वाटलं, पण ती मोटारही असू शकली असती. मग कपड्यावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला, आणि सगळं जरा लांब गेलं, जाड झालं. फोन बंद झाला असं त्याला वाटलं. झाला नव्हता. तिनं तो तसाच चालू कोटाच्या खिशात टाकला होता.

"तिकीट राहिलं असेल त्यांनी काढा," खिशाबाहेरून तिचा आवाज आला. पहिल्या शब्दावर तो किंचित फाटला, मग सरळ झाला. "तुमचं? आणि मुलाचं? मुलाला मांडीवर घ्या, बाई."

कुणी दारू प्यालेला माणूस मोठ्यानं म्हणाला, "ए सुंदरी, आज मला फुकट ने. माझा वाढदिवस आहे."

"फुकट माझा बापही बसत नाही या गाडीत. काढा पैसे."

माणसं हसली. सुटे पैसे वाजले. तिनं पुढचा थांबा पुकारला, मग त्याच्या पुढचा. एसेनगुल ओट्यापाशी उभा राहून ऐकत होता. तीन वर्षांत त्याला माहीत नव्हतं की तिचा आवाज एवढा खणखणीत झालाय, आणि रशियनमध्ये ती एवढ्या लवकर उलटून बोलते. कुणी म्हातारी तिच्याशी आपल्या पायांबद्दल बोलू लागली. ती तिला कोणत्या दवाखान्यात जायचं ते सांगत होती, कुठं उतरायचं, कोणत्या दारानं आत जायचं. शब्द नीट कळत नव्हते. खिशाच्या कापडातून येताना त्यांच्या कडा झिजून येत होत्या. तो फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिला. आणखी एक थांबा आला. दारं उघडली, मिटली, गाडी कुठल्या तरी वळणावर कण्हली, आणि आवाज मध्येच तुटला.